वर्णाभिमान आणि साष्टीचा ख्रिस्ती समाज

तेराव्या शतकाच्या अखेरीस व्हेनिसचा प्रवासी मार्को पोलो याने आपल्या प्रवासवृत्तात ठाण्याच्या राज्याचा उल्लेख केला आहे. येथील कातडी, सुती कापड, धूप आणि समुद्रावरील चाचेगिरी यांविषयी त्याने चार ओळी लिहिल्या. त्याच ग्रंथात दक्षिणेकडील माबार प्रांताविषयी, म्हणजे आजच्या तामिळनाडूच्या किनाऱ्याविषयी, त्याने एक मौजेची नोंद केली आहे. तेथे जो अधिक काळा तो अधिक देखणा मानला जातो. मुलांचा रंग गडद व्हावा म्हणून त्यांच्या अंगाला तिळाचे तेल चोळतात. आणि ते लोक आपले देव काळे व सैतान पांढरे रंगवतात. युरोपियन वाचकाला हे नवल वाटले असेल. मराठी माणसाला वाटू नये. पंढरपूरचा विठोबा काळा आहे, कृष्णाच्या नावाचा अर्थच काळा असा आहे, आणि 'सावळा' हा शब्द आपल्या भाषेत लाडाने उच्चारला जातो.

मग याच भाषेत मुलगी जन्माला आली की शेजारीण पहिल्यांदा रंग का विचारते? लग्नाच्या जाहिरातीत 'गव्हाळ', 'निमगोरी' अशा पायऱ्या कोणी बांधल्या? वर्णद्वेष म्हटला की आपल्यासमोर अमेरिकेचे दक्षिणेकडील प्रांत आणि दक्षिण आफ्रिका उभी राहते. मार्टिन ल्यूथर किंग आणि नेल्सन मंडेला यांची नावे आपण प्रवचनांतून ऐकतो आणि आपल्याकडे तसे काही नव्हते म्हणून सुटकेचा नि:श्वास टाकतो. अमेरिकेत असे कितीतरी ग्रामीण मुलूख आहेत की जेथे गोऱ्यांची वस्ती सर्वदूर आणि काळा माणूस वर्षाकाठी एखादाच दिसायचा. तरीही काळ्यांविषयीचे पूर्वग्रह तेथील घरांत पिढ्यान्‌पिढ्या जपले गेले. पूर्वग्रहाला समोर माणूस लागतोच असे नाही. आपल्याकडे याची उलटी बाजू पाहावयास मिळते. ठाणे-वसईतून पोर्तुगीज जाऊन पावणेतीनशेहून अधिक वर्षे लोटली, गोरा माणूस येथे औषधालाही उरला नाही, पण त्याची मोजपट्टी आपल्या घरात अजून भिंतीला टांगलेली आहे.

सगळा दोष फिरंग्यांच्या माथी मारणे सोयीचे आहे. परंतु ते खरे नव्हे. त्यांची मोजपट्टी आपण उचलली ती आपल्या हातात आधीपासूनच एक मोजपट्टी होती म्हणून.

बाळकुम, ढोकाळी, कोलशेत, माजिवडे ही खाडीकाठची गावे साष्टी बेटाच्या ईशान्य कोपऱ्यात वसली आहेत. मासेमारी, भातशेती आणि मिठागरे यांच्यावर हा मुलूख जगला. ठाणे हे त्याचे बंदर. बंदराला परका माणूस नवा नसतो. सन १३२१ मध्ये तोलेंतिनोचा थॉमस, पादुआचा जेम्स, सिएनाचा पीटर आणि तिफ्लिसचा दिमित्री हे चौघे फ्रान्सिस्कन ठाण्यात हुतात्मे झाले, ही कथा आपल्या परिचयाची आहे. तिच्यातील एका तपशिलाकडे मात्र सहसा लक्ष दिले जात नाही. हे चौघे ठाण्यात उतरले तेव्हा त्यांना ज्यांनी घरात घेतले ती नेस्तोरियन ख्रिस्ती कुटुंबे होती. पाहुणे इटलीचे आणि एक जण थेट कॉकेशसचा; यजमान पूर्वेकडील ख्रिस्तसभेचे, ज्यांना रोम पाखंडी समजत असे. पंथ वेगळा, भाषा वेगळी, रंगही वेगळा. ठाण्यातील ख्रिस्ती आदरातिथ्याची ही पहिली ज्ञात नोंद आहे, आणि ती पोर्तुगीज येण्यापूर्वी दोनशे वर्षांची आहे.

सन १५३४ मध्ये गुजरातचा सुलतान बहादूरशहा याने वसई व साष्टी पोर्तुगीजांना दिली आणि त्यांच्या 'उत्तर प्रांता'ची स्थापना झाली. त्यांच्याबरोबर सुवार्ता आली, मठ आले, शाळा आल्या. सोळाव्या शतकाच्या मध्यास येशूसंघीयांनी ठाण्यात अनाथ मुले आणि गुलामीतून विकत घेऊन सोडवलेली मुले सांभाळली, त्यांना अक्षरओळख करून दिली, हाताला कसब दिले. हे काम मोठे होते आणि त्याची कृतज्ञता आम्हांस आहे. पण त्याच गलबतांतून एक उतरंडही आली. तिच्या सर्वांत वर पोर्तुगालमध्ये जन्मलेला 'रेनॉल'. त्याच्याखाली भारतात जन्मलेला शुद्ध पोर्तुगीज रक्ताचा 'कास्तीसो'. त्याच्याखाली मिश्र रक्ताचा 'मेस्तीसो'. त्याच्याही खाली देशी ख्रिस्ती, ज्याला ते 'कानारी' म्हणत आणि रागाच्या भरात सरळ 'नेग्रो' म्हणत. तळाशी मोझांबिककडून आणलेला गुलाम, 'काफ्री'. एकाच वेदीवरून एकच ख्रिस्तशरीर घेणारे हे लोक मिस्साबलिदान संपल्यावर आपापल्या पायरीवर परतत असत.

या उतरंडीच्या मधल्या पायरीवर आपल्या समाजाचा सर्वांत थोर पुत्र जन्मला. संत गोन्सालो गार्सिया यांचा जन्म सुमारे १५५७ साली वसईत झाला. वडील पोर्तुगीज, आई या मातीतली. वसईच्या येशूसंघीयांनी त्यांना शिकवले आणि किशोर वयातच ते त्यांच्याबरोबर जपानला गेले. तेथे ते उत्तम जपानी बोलू लागले. सुमारे आठ वर्षे त्यांनी धर्मशिक्षक म्हणून सेवा केली. संघात प्रवेश मिळावा ही त्यांची एकच इच्छा होती, आणि ती पुन:पुन्हा लांबणीवर पडत गेली. अखेर ते बाहेर पडले, व्यापार करू लागले, मनिलाला गेले, आणि तेथे फ्रान्सिस्कनांनी त्यांना व्रतबंधू म्हणून स्वीकारले.

ज्या काळात गोन्सालो ताटकळत होते त्या काळात पूर्वेकडील येशूसंघाची सूत्रे आलेस्सांद्रो वालिन्यानो या इटालियन धर्मगुरूंच्या हाती होती. वालिन्यानो सामान्य माणूस नव्हता. जपानी रीतिरिवाज मिशनऱ्यांनी आत्मसात करावेत, जपानी तरुणांना धर्मगुरू करावे, असा आग्रह धरणारा तो द्रष्टा होता. परंतु त्याच्या दृष्टीला रंगाचा पडदा होता. जपानी आणि चिनी लोकांना तो 'गोरे' म्हणत असे. भारतातील सावळ्या लोकांविषयी मात्र ते मंदबुद्धी व दुर्गुणी असल्याचे त्याने लिहून ठेवले. मिश्र रक्ताच्या तरुणांना संघात घेण्याबाबतही तो अत्यंत नाखूश होता. १५७५ साली पेरो लुईस नावाच्या एका ब्राह्मण तरुणाला येशूसंघात प्रवेश मिळाला होता. त्यानंतर १७७३ साली संघ बरखास्त होईपर्यंत भारतीयांसाठी ते दार जवळजवळ बंदच राहिले. कारण धर्मशास्त्राचे नव्हते. लॅटिन येते की नाही, शील शुद्ध आहे की नाही, हे प्रश्न नंतरचे. रंग आधी पाहिला जाई.

गोन्सालो १५९३ साली फ्रान्सिस्कन शिष्टमंडळाचे दुभाषे म्हणून पुन्हा जपानमध्ये गेले आणि सम्राटाच्या नावे राज्य चालवणाऱ्या हिदेयोशीपुढे त्यांनी आपल्या बांधवांची बाजू मांडली. ५ फेब्रुवारी १५९७ रोजी नागासाकीच्या टेकडीवर २६ जणांना क्रुसावर खिळण्यात आले, त्यांत ते होते. त्याच टेकडीवर तीन जपानी येशूसंघीयही क्रुसावर होते. १८६२ साली पोप नववे पायस यांनी त्यांना संतपद दिले. आज वसईत त्यांचे स्मरण मोठ्या प्रेमाने होते आणि ते यथायोग्यच आहे. मात्र त्यांचे चित्र काढताना आपण त्यांना कोणता रंग देतो, हे एकदा पाहण्याजोगे आहे. आम्ही पाहिलेल्या बहुतेक तसबिरींत ते कोणा इटालियन घराण्यातील वाटतात. ज्या आईने त्यांना वसईच्या बोलीत झोपवले, तिचा अंश चित्रकाराच्या कुंचल्यात उतरलेला नाही.

आता त्या दुसऱ्या मोजपट्टीकडे वळू. सन १६०६ मध्ये गोव्यात पाचवी प्रांतिक धर्मसभा भरली. देशी तरुणांना गुरुदीक्षा द्यावी की नाही या प्रश्नावर तिने एक वाट काढली: ब्राह्मण आणि इतर उच्च मानल्या गेलेल्या जातींतील तरुणांनाच ती द्यावी. खालच्या जातीचा धर्मगुरू असेल तर इतर ख्रिस्ती त्याचा मान ठेवणार नाहीत, असा विचार त्यामागे होता. पोर्तुगीजांना रंग कळत होता, जात कळत नव्हती. ती त्यांनी आपल्याकडून शिकून घेतली आणि आपणच तिला ख्रिस्तसभेच्या कायद्यात जागा करून दिली. साष्टीच्या कोळ्याला, भंडाऱ्याला, कुणब्याला याचा अर्थ काय झाला? त्याच्या वेदीवर उभा राहणारा माणूस एक तर गोरा असेल, नाहीतर गोव्याहून आलेला उच्च जातीचा देशी असेल. त्याचा स्वत:चा मुलगा नसेल.

या गुंतागुंतीचे अत्यंत बोलके उदाहरण म्हणजे बिशप मातेउस द कास्त्रो. गोव्याच्या दिवाडी बेटावरील हा ब्राह्मण ख्रिस्ती तरुण हुशार होता. परंतु गोव्याच्या आर्चबिशपांनी त्याला गुरुदीक्षा नाकारली. तो खचला नाही. त्याने रोम गाठले. १६२२ साली स्थापन झालेल्या प्रोपागांडा या धर्मप्रसार-मंडळाला देशी धर्मगुरू हवेच होते. १६३० साली त्याला रोममध्ये गुरुदीक्षा मिळाली आणि १६३७ साली तो बिशप झाला. लॅटिन विधीचा पहिला भारतीय बिशप. तो परत आला तेव्हा गोव्यातील पोर्तुगीजांचा जळफळाट झाला. इथिओपियाचे पोर्तुगीज पॅट्रिआर्क आफोंसो मेंदेस यांनी तर त्याच्या काळेपणावरून व उघडेपणावरून असे शब्द वापरले की ते आम्ही या पानावर छापू शकत नाही. एका धर्माध्यक्षाने दुसऱ्या धर्माध्यक्षाविषयी ते काढले होते.

इथवर आपली सहानुभूती पूर्णपणे मातेउसकडे असते. पण गोष्ट येथे संपत नाही. १६५३ साली त्याने आपल्या लोकांना उद्देशून पोर्तुगीजांच्या अन्यायाविरुद्ध एक जळजळीत पुस्तिका लिहिली. तिचे नाव 'ब्राह्मणांचा आरसा'. अन्याय झाला होता सर्व देशी ख्रिस्ती लोकांवर. आरसा धरला गेला तो एका जातीपुढे. रंगाच्या नावाने ज्याला दारातून हाकलले, त्याच माणसाने आपल्या मागचे दार जातीच्या नावाने ओढून घेतले. आम्ही त्याला दोष देण्यासाठी हे सांगत नाही. त्याच्या काळात तो एकटा उभा राहिला, ही लहान गोष्ट नव्हे. परंतु आपल्या समाजाचा पुढील इतिहास समजायचा तर हा आरसा विसरून चालणार नाही. तो पुढे बऱ्याच जणांच्या हाती आला.

१७३७ साली मराठ्यांनी ठाणे घेतले. तेथील किल्ला पोर्तुगीजांनी नुकताच बांधत आणला होता. पुढे इंग्रजांनी त्याचाच तुरुंग केला आणि तो आज ठाण्याचे मध्यवर्ती कारागृह म्हणून उभा आहे. १७३९ च्या मे महिन्यात चिमाजी अप्पांपुढे वसई पडली. गोरे अधिकारी, गोरे जमीनदार आणि गोरे मठवासी आपले सामान घेऊन गेले. राहिले कोण? जे नांगर धरीत होते, जाळे टाकीत होते, ते राहिले. तहात पाच चर्चे ठेवण्याची मुभा मिळाली आणि ती गोव्याहून आलेल्या देशी धर्मगुरूंनी सांभाळली. १७६० च्या सुमारास आंकेतिल द्यू पेरों हा फ्रेंच विद्वान साष्टीतून प्रवास करीत असताना त्याला ख्रिस्ती सण उघडपणे, मोठ्या गर्दीत साजरे होताना दिसले. अडीच पिढ्यांपूर्वी ज्या हातांना गुरुदीक्षेचे तेल लागणे दुर्मीळ होते, त्या सावळ्या हातांनी हिंदू राजवटीत आपली ख्रिस्तसभा जिवंत ठेवली. गोऱ्यांच्या आश्रयावाचून देशी ख्रिस्ती टिकणार नाही, या समजुतीला इतके स्वच्छ उत्तर दुसरे नाही. शाळेच्या पुस्तकांत ते येत नाही, आणि आपल्या धर्मग्रामांच्या स्मरणिकांतही फारसे येत नाही.

आता इतिहासाची एक थट्टा पाहा. पोर्तुगालचा प्रभावी मंत्री पोंबाल याने २ एप्रिल १७६१ रोजी राजाच्या नावे एक फर्मान काढवले. पोर्तुगीज भारतातील बाप्तिस्मा घेतलेल्या सर्व देशी प्रजेला पोर्तुगालमध्ये जन्मलेल्यांसारखेच हक्क व मान मिळावेत, आणि त्यांना 'नेग्रो', 'मेस्तीसो' अशा अपमानास्पद नावांनी हाक मारणाऱ्यास शिक्षा व्हावी, असे त्यात स्पष्ट म्हटले होते. त्या काळी इतका पुढारलेला कायदा इतर कोणत्या युरोपियन सत्तेने केला असेल असे वाटत नाही. गोव्यातील गोऱ्या अधिकाऱ्यांनी तो कागद दाबून ठेवला. तेरा वर्षांनी, १७७४ साली, लिस्बनने पुन्हा बजावले तेव्हा कोठे तो गोव्यात जाहीर झाला. आणि त्याच १७७४ च्या डिसेंबरात इंग्रजांनी ठाण्याचा किल्ला घेतला. साष्टीच्या ख्रिस्ती माणसापर्यंत तो समतेचा कागद कधी पोचलाच नाही. जेव्हा तो गोव्याच्या वेशीवर लागला, तेव्हा आपले पूर्वज दुसऱ्याच गोऱ्याची प्रजा होत होते.

इंग्रजाची तऱ्हा निराळी. त्याला आपल्या आत्म्याशी कर्तव्य नव्हते. त्याला कारकून, खलाशी, सुतार आणि वाजंत्री हवे होते. डिसोझा, परेरा, ग्रेशस अशी आडनावे पाहून त्याने सगळ्यांना 'पोर्तुगीज' या एका खणात टाकले. ज्यांचे आजोबा आगरात राबले, ज्यांच्या घरी मराठीशिवाय दुसरी भाषा नव्हती, ज्यांच्या बायका काष्टा घालून बाजाराला जात, ते सरकारदप्तरी 'पोर्तुगीज ख्रिस्ती' झाले. १६ एप्रिल १८५३ रोजी बोरीबंदर ते ठाणे ही पहिली आगगाडी धावली. रेल्वे, गोदी, गिरण्या आणि सरकारी कचेऱ्या यांनी मुंबईत नोकऱ्या आणल्या आणि त्या नोकऱ्यांच्या मागे गोव्याहून व मंगळूरहून कॅथोलिक बांधव मोठ्या संख्येने आले. त्यांच्याकडे पुष्कळदा अधिक शिक्षण होते. धर्मगुरूही त्यांचेच. गोमंतकीय तर खरोखरच पोर्तुगालची प्रजा होते. तरीही साहेबाच्या वहीत ते आणि आपण एकच.

यातून १८८७ चे नामकरण झाले. राणी व्हिक्टोरियाच्या कारकिर्दीचा सुवर्णमहोत्सव त्या वर्षी साजरा होत होता. ती संधी साधून मुंबई, साष्टी व वसई येथील मूळच्या कॅथोलिकांनी 'ईस्ट इंडियन' हे नाव घेतले आणि मे महिन्यात 'बॉम्बे ईस्ट इंडियन असोसिएशन' स्थापन झाली. आम्ही ईस्ट इंडिया कंपनीची येथील सर्वांत जुनी ख्रिस्ती प्रजा आहोत, बाहेरून आलेले नव्हे, हे सरकारला सांगणे हा त्यामागील हेतू होता. तो हेतू समजण्यासारखा आहे. स्वत:च्याच गावात परका ठरलेल्या माणसाने आपली ओळख मागावी, यात गैर काय?

पण नावाकडे जरा निरखून पाहावे. हेच 'ईस्ट इंडियन' नाव पन्नास-साठ वर्षांपूर्वी कलकत्त्यात युरेशियन, म्हणजे मिश्र रक्ताचे, लोक स्वत:साठी वापरीत होते. कवी डेरोझिओ याने १८३१ साली त्याच नावाचे वृत्तपत्र काढले होते. साष्टीचा शुद्ध देशी शेतकरी, ज्याच्या मागे गोरे रक्त नव्हते, त्याने आपली ओळख निवडताना मराठीतील एकही शब्द निवडला नाही. सास्टीकर होता, किरिस्तांव होता. त्याने कंपनीचे नाव घेतले, कारण त्या नावाला साहेबाच्या दरबारात किंमत होती. गोमंतकीयाहून आपण वेगळे हे ठरवण्याचा निवाडाही त्याने गोऱ्याकडेच सोपवला. आणि त्याच सुमारास घरोघर गोवेकर आणि मंगळूरकर यांच्याविषयी जी टोपणनावे रुळली, ती आजही काही ज्येष्ठांच्या तोंडी सापडतात. उलट बाजूनेही काही कमी नव्हते. आपल्या लुगड्याला, बोलीला, बोंबलाला हसणारे कॅथोलिक मुंबईत पुष्कळ होते. बाहेरच्या जगाला मात्र हे सगळे एकच 'मकापाव' होते.

याच समाजातून जोसेफ बाप्तिस्ता आले. माझगावच्या म्हातारपाखाडीचे, १८६४ साली जन्मलेले हे बॅरिस्टर, लोकांचे लाडके 'काका'. १९१६ साली टिळकांच्या होमरूल लीगचे ते अध्यक्ष झाले, मजूर चळवळीत उतरले, १९२५ साली मुंबईचे महापौर झाले. टिळकांच्या शेजारी बसलेला हा ईस्ट इंडियन माणूस आपण कंपनीची जुनी प्रजा आहोत या दाव्यावर थांबला नाही. प्रजा असण्यालाच त्याने हरकत घेतली. आपल्या समाजाने त्याचा जितका अभिमान बाळगला तितके त्याचे अनुकरण केले असे मात्र म्हणवत नाही.

ख्रिस्तसभेच्या कारभारात रंग किती उशिरा सुटला, हे पाहायचे तर ठाण्याचेच उदाहरण पुरे. १८८६ पासून ठाणे, साष्टी आणि वसई दमणच्या धर्मप्रांतात होती आणि ती पोर्तुगालच्या राजाच्या पाद्रोआदो हक्काखाली येत होती. १९२८ साली रोम आणि पोर्तुगाल यांच्यात करार झाला. आपली गावे मुंबईच्या धर्मप्रांताला जोडली गेली. करारात एक कलम होते: मुंबईचा आर्चबिशप आळीपाळीने एकदा पोर्तुगीज आणि एकदा ब्रिटिश असावा. भारतीय असावा, हे कोणाला सुचले नाही. की सुचले आणि सांगवले नाही? तमिळ प्रांतात १९२३ सालीच तिबुर्तियस रोश हे किनाऱ्यावरील परवर समाजातील धर्मगुरू तुतिकोरिनचे बिशप झाले होते, तेव्हा लायक माणूस मिळत नव्हता असे म्हणण्यास जागा नव्हती. मुंबईला आधी पोर्तुगीज आर्चबिशप लिमा आले आणि १९३७ साली लिव्हरपूलहून थॉमस रॉबर्ट्स.

या रॉबर्ट्स महोदयांविषयी थोडे थांबून लिहिले पाहिजे. हा इंग्रज येशूसंघीय धर्माध्यक्ष हातात गादी असताना ती सोडण्याची तयारी करू लागला. १९४६ साली व्हॅलेरियन ग्रेशस हे त्यांचे साहाय्यक बिशप झाले, आणि रॉबर्ट्स स्वत: कारभार त्यांच्यावर सोपवून मुंबईबाहेर पडले, ते पुन्हा राज्य करायला आले नाहीत. आर्चबिशप मुंबईत नाहीत अशी ही स्थिती चार वर्षे चालली. जुलै १९५० मध्ये पोर्तुगालने आपला हक्क सोडला, त्या वर्षअखेर रॉबर्ट्स यांनी रीतसर राजीनामा दिला आणि ग्रेशस मुंबईचे पहिले भारतीय आर्चबिशप झाले. १९५३ साली भारताचे पहिले कार्डिनल. देश स्वतंत्र होऊन तीन वर्षे उलटल्यावर मुंबईच्या ख्रिस्तसभेची गादी भारतीयाकडे आली, आणि तीही एका गोऱ्या माणसाने आपणहून जागा रिकामी केली म्हणून. वालिन्यानो आणि रॉबर्ट्स, दोघेही येशूसंघीय, दोघेही युरोपियन. रंगावरून माणूस ओळखण्याची सवय असलेल्यांनी ही दोन नावे शेजारी लिहून पाहावीत.

आता घरातले. तमिळनाडूत काही ठिकाणी दफनभूमीतही जातीची भिंत उभी राहिली. गोव्यात कुंकळ्ळीसारख्या गावी सणाच्या मिरवणुकीत कोणत्या घराण्याने कोणता झगा घालायचा यावरून पिढ्यांची भांडणे चालली. आपल्याकडे अशी भिंत नाही, हे आम्ही समाधानाने सांगतो. पण वसईत सामवेदी, वाडवळ आणि कोळी हे एकाच प्रार्थनेला एकत्र येणारे समाज लग्नाच्या वेळी किती काळ वेगळे बसले, हे कोणाला सांगायला नको. आपली मुले आता एकमेकांत लग्न करतात, आईबाप थोडे कुरकुरतात आणि मग नाचतात. रंगाचे मात्र तसे झाले नाही. १९७५ साली बाजारात आलेले ते गोरेपणाचे मलम २०२० साली नाव बदलून का होईना, अजून विकले जाते, आणि बाळकुमच्या दुकानांतही ते मिळते. 'काळीबेंद्री' हा शब्द ज्या मुलीला बालपणी लागला, तिला तो साठीतही आठवतो. हा शब्द पोर्तुगीज नाही.

बाळकुम आज ओळखू येत नाही. खाडीच्या वाऱ्याला अडवून वीस-तीस मजली इमारती उभ्या आहेत. जुन्या आग्रा रस्त्याने कशेळीच्या पुलाकडे जाणारी वाहतूक रात्रीही थांबत नाही. गावठाणातील माणूस या गर्दीत पुन्हा एकदा स्वत:च्याच गावात परका झाला आहे, आणि १८८७ सारखेच पुन्हा एकदा 'आम्ही मूळचे' हे शब्द ऐकू येतात. जमिनी गेल्या, त्या कवडीमोलाने गेल्या, हे दु:ख खोटे नाही. पण राग ज्याच्यावर निघतो तो बहुधा इमारत बांधणारा नसतो. विटा वाहणारा, भाजीची गाडी लावणारा असतो. ऑक्टोबर २००८ मध्ये रेल्वेभरतीच्या परीक्षेला आलेल्या उत्तर भारतीय तरुणांना मुंबई-ठाणे परिसरात मारहाण झाली, तेव्हा आपल्या समाजातील काहींनी त्याचे समर्थनही केले. ज्यांच्या आजोबांना गोव्याहून व मंगळूरहून आलेल्या कारकुनांचा राग होता, त्यांचीच ही नातवंडे.

या नवीन इमारतींत पहाटे सहाला लिफ्टने वर जाणाऱ्या बायकांत छोटानागपूरकडील, आजच्या झारखंड-ओडिशाकडील, उरांव, मुंडा आणि खडिया मुली आहेत. त्यांतील बऱ्याच कॅथोलिक आहेत. १८८५ साली फादर कॉन्स्टंट लिव्हन्स हे बेल्जियन येशूसंघीय त्यांच्या मुलखात गेले आणि जमीनदारांनी बळकावलेल्या जमिनींसाठी त्यांच्या बाजूने कोर्टात उभे राहिले. त्यातून त्यांचे पूर्वज ख्रिस्तसभेत आले. म्हणजे त्यांची श्रद्धा आपल्यापेक्षा तरुण असेल, पण तिच्या मुळाशी जमीन आणि मान हेच दोन प्रश्न आहेत, जे आपल्याला अगदी ओळखीचे आहेत. रविवारी त्या मिस्साला येतात आणि शेवटच्या बाकांवर बसतात. तेथे बसा असे त्यांना कोणी सांगितलेले नाही. पुढे या, असेही कोणी सांगितलेले नाही. त्यांचे नाव आपल्यातील बहुतेकांना ठाऊक नसते. कोणत्या मजल्यावर कामाला जातात तेवढे ठाऊक असते.

त्यांच्या उरांव समाजातील तेलेस्फोर टोप्पो रांचीचे आर्चबिशप होते. २००३ साली पोप दुसरे जॉन पॉल यांनी त्यांना कार्डिनल केले. २००५ आणि २०१३ या दोन्ही वर्षी सिस्टीन चॅपेलमध्ये नवा पोप निवडताना ज्यांनी मते दिली, त्यांत हा आदिवासी शेतकऱ्याचा मुलगा होता. २०२२ साली हैदराबादचे अँथनी पूला हे दलित समाजातील पहिले कार्डिनल झाले आणि २०२५ च्या निवडणुकीत त्यांनीही मत दिले. १६०६ च्या गोव्यातील धर्मसभेच्या नियमाने पाहिले तर या दोघांनाही गुरुदीक्षा मिळाली नसती.